नाव बदलले, पण आवाज ओळखला गेला

गोदाकाठची

हा धागा काढावा की नाही, यावर आठवडाभर घोळ घातला. शेवटी काढते आहे, कारण आमच्या गटात या प्रश्नावरून सरळ दोन तट पडले आहेत आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे मला अर्धे-अर्धे पटते.

नाशिकमधल्या आम्ही सहाजणी दीड वर्षापासून एक पॉडकास्ट चालवतो. नाव येथे देत नाही. का, ते पुढे कळेलच. गंगापूर रोडवरच्या एका मैत्रिणीच्या घरातील मागची खोली हा आमचा स्टुडिओ. लोखंडी कपाटाची दारे उघडी ठेवून त्यांवर दोन गोधड्या टाकल्या की खोलीतला घुमारा बराचसा मरतो, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबल्या की ध्वनिमुद्रण सुरू होते. विषय एकच, बाईचे काम आणि त्याचा मोबदला.

डिसेंबरमध्ये आम्ही सुरगाणा तालुक्यातून दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला येणाऱ्या एका टोळीतील बाईंशी बोललो. घड विरळणे, घड औषधाच्या मगात बुडवणे ही कामे दिवसभर हात डोक्याच्या वर धरून करावी लागतात आणि संध्याकाळी भाकरी थापायला तेच हात लागतात, हे त्यांनी फार साध्या शब्दांत सांगितले. टोळीचा दर एकरावर ठरतो आणि पैसे मुकादमाच्या हाती येतात. त्यांच्या टोळीत वाटणी करताना बाईच्या वाट्याला पुरुषापेक्षा कमी कसे येते, आणि हंगामाआधी घेतलेली उचल फिटेपर्यंत तोंड कसे उघडता येत नाही, हेही त्यांनी सांगितले. आम्ही नाव बदलले, गाव सांगितले नाही, टोळीतील माणसांची संख्यासुद्धा बदलली. जानेवारीत भाग प्रसारित झाला.

तीन आठवड्यांनी त्यांचा निरोप आला. मुकादमाच्या भाच्याने तो भाग कोणाच्या तरी मोबाईलवर ऐकला होता आणि दुसऱ्याच मिनिटाला ओळखले होते. काही जड बोलायचे असले की त्या आधी किंचित हसतात, त्या हसण्यावरून. आता मुकादम म्हणतो की उरलेली उचल एकरकमी परत कर आणि पुढच्या वर्षी टोळीत येऊ नकोस.

गटातील तिघी म्हणतात की भाग तत्काळ काढून टाकावा. दुसऱ्या दोघींचे म्हणणे असे की बाईंनी समजून-उमजून होकार दिला होता, मुकादमाच्या धमकीवरून भाग काढला तर उद्या कोणीही धमकी देईल, आणि बायकांनी बोललेले पुसून टाकण्याचे काम निदान आपण तरी करू नये. मी या दोहोंच्या मध्ये लोंबकळते आहे.

माझ्याबद्दल एवढेच सांगते की मी पूर्वी शहरातल्या एका खासगी एफएम वाहिनीवर चार वर्षे निवेदिका होते. दुपारचा पट्टा माझ्याकडे होता. पाककृती, सणवार आणि फोनवरून ओळखा-जिंका. एकदा एका श्रोतीने थेट प्रसारणात सांगितले की नवऱ्याने हात मुरगळल्यामुळे आज तिने डाव्या हाताने फोन धरला आहे. मी गाणे लावण्याऐवजी तिला बोलू दिले, तेव्हा काचेपलीकडून हाताची कात्री करून दाखवण्यात आली आणि दहा सेकंदांत जाहिरात सुरू झाली. नंतर मला समजावण्यात आले की दुपारी लोकांना 'हलके' हवे असते. त्या कात्रीला कंटाळून मी पॉडकास्टकडे आले. आणि आता कात्री माझ्याच हातात आहे.

पंचवटीकर

भाग आज रात्रीच काढा. तत्त्वाची चर्चा नंतर निवांत करता येईल, पण उचल त्या बाईंच्या डोक्यावर आहे, आपल्यापैकी कोणाच्याही नाही.

सावानाचा_वाचक

गोदाकाठची ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही, परंतु रेडिओ आणि बाई या नात्याचा साठ वर्षांचा श्रोता म्हणून काही सांगावेसे वाटते.

आमच्या लहानपणी रेडिओवर बायकांचे आवाज नव्हते असे मुळीच नाही. मुंबई केंद्रावर 'वनिता मंडळ' होते. 'पुन्हा प्रपंच' या श्रुतिकामालिकेत नीलम प्रभूंची मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे प्रभाकरपंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी घरोघरी पोहोचले होते. पुण्याहून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देऊ लागल्या की आमचे वडील घड्याळ लावून घेत. तेव्हा आवाज होता, आणि त्याला मानही होता. मात्र तो कोणत्या वेळी, कोणत्या विषयावर आणि कोणी लिहिलेल्या कागदावरून उमटायचा, हे बहुधा दुसरेच कोणी ठरवत असे. हे केवळ आपल्याकडचे वैगुण्य नव्हे. बीबीसीने ७ ऑक्टोबर १९४६ रोजी 'वुमन्स आवर' हा खास स्त्रियांचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्याचे पहिले सूत्रसंचालक ॲलन आयव्हिमी नावाचे गृहस्थ होते! त्याआधी १९३३ मध्ये तिथे शीला बॉरेट या बाईंना निवेदनासाठी नेमले आणि तक्रारींचा पाऊस पडल्यावर काही महिन्यांतच दूर केले. त्या तक्रारींत बायकांची पत्रे मोठ्या संख्येने होती, हे मला अजून अस्वस्थ करते.

आपल्याकडे तर आणखी एक पदर आहे. १९४६ मध्ये नभोवाणी खाते सरदार पटेलांकडे असताना, ज्यांचे खासगी आयुष्य 'लोकापवादाचा विषय' आहे अशांना आकाशवाणीची दारे बंद करण्यात आली. त्याचा फटका कोणाला बसला असेल, हे वेगळे सांगायला नको. कोठीवर गाणाऱ्या ज्या बायकांनी ध्वनिमुद्रिकांच्या आणि रेडिओच्या सुरुवातीच्या काळात आपल्या गळ्यावर ही माध्यमे उभी केली, त्याच बायका अपात्र ठरल्या आणि 'घरंदाज' गळ्यांचा शोध सुरू झाला. तेव्हा बाईने बोलावे की नाही एवढाच हा प्रश्न कधी नव्हता. कोणत्या बाईने बोलावे, हाही होता. तुमच्या द्राक्षबागेतल्या बाई या दुसऱ्या प्रश्नात मोडतात.

जाता जाता उषा मेहतांची आठवण निघते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये, वय अवघे बावीस असताना, त्या ४२.३४ मीटरवरून 'काँग्रेस रेडिओ' बोलत असल्याचे सांगत; 'भारतातील कुठल्यातरी ठिकाणाहून' एवढाच पत्ता असे. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी पकडेपर्यंत त्यांचे सहकारी जागा बदलत राहिले. त्यांना आवाज लपवावा लागला नाही, ठिकाण लपवावे लागले. तुमच्या बाईंचे उलटे झाले. ठिकाण तुम्ही नीट लपवलेत, पण आवाज कसा लपवणार?

रविवार_कारंजा

मी स्वतः पॉडकास्ट करतो, त्यामुळे थोडे रोखठोक लिहितो, राग नसावा. रेडिओवर बायकांची गळचेपी होते हे वाक्य ऐकून ऐकून गुळगुळीत झाले आहे. आज शहरातली कोणतीही वाहिनी लावा, दिवसातला निम्मा वेळ मुलीच बोलताना ऐकू येतील. पॉडकास्टला तर परवाना लागत नाही, वेळेचे बंधन नाही, काचेपलीकडे कोणी उभे नाही. दीड-दोन हजारांचा माईक आणि मोबाईल एवढे भांडवल पुरते. मग अडवतो कोण? श्रोत्यांना बायकांचे पॉडकास्ट ऐकायचे नसतील तर त्याला राजकारण म्हणू नये. मूळ प्रश्नाबद्दल म्हणाल तर तुमच्याकडून गाफीलपणा झाला. त्यात लिंगभाव कुठे आला? एखाद्या पुरुष मजुराचाही आवाज ओळखला गेलाच असता.

गोदाकाठची

राग नाही. गाफीलपणा झाला, हे पूर्णपणे मान्य आहे.

परंतु 'निम्मा वेळ मुली बोलतात' याबद्दल आतली गोष्ट सांगते. आमच्या वाहिनीवर सकाळी सात ते अकरा हा सर्वांत महागड्या जाहिरातींचा पट्टा माझ्या चार वर्षांत एकदाही बाईकडे एकटीकडे आला नाही. आली ती जोडीला, आणि जोडीतल्या पुरुषाच्या विनोदावर हसणे हे तिच्या कामाचे अलिखित कलम होते. मी हे कलम दीड महिना पाळले आहे. हसण्याची वेळ चुकली की बैठकीत त्याची चर्चा होई. माझ्या उच्चारांची चर्चा मात्र कधी झाल्याचे आठवत नाही.

पुरुष मजुराचा आवाज ओळखला गेला असता हे खरे. पण त्याच्या वाटणीतून कमी केलेली रक्कम हा त्या भागाचा विषयच नसता, कारण ती कमी केलीच गेली नसती.

फेडर

मी गेली वीस वर्षे ध्वनिसंकलन करतो, म्हणून तांत्रिक बाजू मांडतो.

सर्वप्रथम, आवाजाची पट्टी खाली-वर करून ओळख लपते हा भ्रम सोडून द्यावा. ज्या प्रमाणात पट्टी सरकवली आहे त्याच प्रमाणात ती उलट सरकवली की मूळ आवाज बऱ्याच अंशी परत मिळतो, आणि हे फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर कॉलेजातला मुलगाही करतो. शिवाय माणूस नुसत्या पट्टीवरून ओळखला जात नाही. तो थांबतो कुठे, श्वास कुठे घेतो, कोणता शब्द दोनदा उच्चारतो, यांवरून ओळखला जातो. तुमच्या बाईंच्या हसण्याचे तेच झाले. खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे त्यांचे शब्द दुसऱ्या बाईकडून वाचून घेणे. पण मग ते नाट्यवाचन होते आणि ऐकणाऱ्याला फरक कळतो.

दुसरी गोष्ट रविवार_कारंजा यांच्यासाठी. 'श्रोत्यांना बायकांचे आवाज आवडत नाहीत' या समजुतीत यंत्रांचाही हात आहे. पुरुषाच्या आवाजाचा पाया, म्हणजे त्याची मूळ कंपनसंख्या, साधारण १०० ते १२० हर्ट्झच्या आसपास असतो, बाईचा २०० च्या आसपास. जुनी टेलिफोनची वाहिनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेत असे आणि मध्यम लहरींवरचा रेडिओही वरच्या टोकाला कंजूषच होता. बायकांच्या उच्चारातील स, श यांसारख्या व्यंजनांची बरीच ऊर्जा ५००० हर्ट्झच्या वर असते. ती कापली गेली की आवाज अस्पष्ट वाटतो. अस्पष्ट वाटला की तंत्रज्ञ आवाजाची पातळी वाढवतो. पातळी वाढली की ऐकणारा म्हणतो, बाई किंचाळते. म्हणजे कापले यंत्राने आणि खापर फुटले गळ्यावर.

आजही अनेक स्वस्त माईकबरोबर येणारी 'निवेदकाचा आवाज' नावाची तयार मांडणी खर्जाला फुगवते. माझ्याकडे आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी ती मांडणी बंद करायला लावतो, माईक तोंडासमोर न धरता जरा तिरपा धरायला सांगतो आणि मगच बोलायला लावतो. निम्म्याजणी स्वतःचा आवाज ऐकून म्हणतात, 'अरे, हा तर माझाच आवाज आहे!' यापूर्वी त्यांनी जो ऐकलेला असतो तो कोणाचा होता, देव जाणे.

(अवांतर: गोधड्यांची युक्ती उत्तम आहे. कपाटातले कपडे मात्र काढू नका, तेच खरे काम करतात.)

थॉमसन

निफाडकडचा बागायतदार आहे, म्हणून मला येथे शिव्याच पडणार हे गृहीत धरून लिहितो. आमच्याकडेही टोळ्या येतात. आम्ही एकराचा दर ठरवतो आणि पैसे मुकादमाकडे देतो. पुढची वाटणी कशी होते हे आम्ही विचारत नाही. विचारत नाही, हे चूक आहे, ते मान्य करतो. परंतु हंगामात बागेला चार दिवस उशीर झाला तर घड बिघडतात आणि टोळी रुसून गेली तर दुसरी मिळत नाही, हीदेखील वस्तुस्थिती आहे. तुमचा भाग मी ऐकला असावा, असा मला संशय आहे. त्यात मुकादम खलनायक झाला आणि बागायतदाराचा उल्लेखच आला नाही, तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले होते. आता तेवढे बरे वाटत नाही.

एक सुचवतो. वाटणीचा प्रश्न मांडायचा असेल तर माझ्यासारख्याला बोलवा. माझा आवाज ओळखला गेला तर माझी उचल कोणी मागणार नाही.

काळा_कोट

थॉमसन यांनी सुचवलेले मला महत्त्वाचे वाटते. ज्याला झळ कमी, त्याने आधी बोलावे.

कायद्याच्या अंगाने दोन गोष्टी स्पष्ट करते, कारण या क्षेत्रातील मुलींना त्या सहसा माहीत नसतात. पहिली गोष्ट ओळख उघड करण्याबाबत. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचे नाव किंवा तिची ओळख पटेल असा 'कोणताही मजकूर' प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत हेच २२८-अ होते. या तरतुदीची भाषा नावापुरती मर्यादित नाही, आणि खरा आवाज हा ओळख पटवणारा मजकूरच आहे, असे माझे मत आहे. तुमचा भाग मजुरीबद्दल असल्यामुळे हे कलम येथे लागू होत नाही, परंतु उद्या कोणी छळाबद्दल बोलली तर 'नाव तर बदलले होते' हा बचाव तोकडा पडेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातही, कलम १६ मध्ये, तक्रारदार स्त्रीची ओळख माध्यमांना देण्यास मनाई आहे.

दुसरी गोष्ट तुमच्यासारख्या गटांची. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर आणि २०१३ च्या कायद्यानंतर दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अशा छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमावीच लागते. मग तीन-चार माणसांच्या पॉडकास्ट स्टुडिओत, तासावर भाड्याने मिळणाऱ्या ध्वनिमुद्रण खोलीत किंवा कार्यक्रमागणिक मानधन घेणाऱ्या निवेदिकेच्या बाबतीत काय? अशांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समितीची तरतूद आहे आणि दहापेक्षा कमी माणसे असलेल्या ठिकाणच्या बाईला तिथे तक्रार करता येते. द्राक्षबागेतील मजूर बाईलाही येते. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यावी; सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळू शकतात. मी हे गेल्या वर्षी एका ध्वनिमुद्रण कार्यशाळेत सांगितले तेव्हा चाळीसपैकी एकीलाच स्थानिक समिती ठाऊक होती, आणि ती विधीची विद्यार्थिनी होती. काचेपलीकडे कोणी उभे नाही, असे वर कोणी लिहिले आहे. पण काही वेळा काचेपलीकडे तक्रार ऐकणारेही कोणी नसते.

होकाराबद्दल म्हणाल तर कागदावरची सही तुम्हाला वाचवील, बाईंना नाही. होकार देताना त्यांना परिणामांची कल्पना होती का आणि तो मागे घेण्याचा मार्ग त्यांना माहीत होता का, हे पाहावे लागेल.

सुरगाण्याहून

मी सुरगाणा तालुक्यात आरोग्य खात्यात काम करते. ज्या बाईंबद्दल हे लिहिले आहे त्यांना मी ओळखत नाही आणि ओळखायचा प्रयत्नही करणार नाही, परंतु अशा पन्नासजणी मला माहीत आहेत.

वर सगळे पॉडकास्टला 'मोकळे' माध्यम म्हणत आहेत. मोकळे कोणासाठी? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांनीच सांगितले की त्यांच्याकडे स्वतः वापरत असलेला मोबाईल आहे. आमच्या पाड्यांवर बाईच्या नावावरचे सिम बहुधा मुलाच्या खिशात असते. जुना रेडिओ निदान चुलीपाशी ठेवता येत असे. नवरा बातम्या ऐकत असेल तर त्या बाईच्याही कानावर पडत. मोबाईलला कानात घालायची गुंडी आली आणि ऐकणेसुद्धा एकेकट्याचे झाले, म्हणजे ज्याचा मोबाईल त्याचेच झाले. त्यामुळे तुमचा भाग मुकादमाच्या भाच्याने आधी ऐकला, याचे मला काडीचेही आश्चर्य वाटले नाही.

मला एकच विचारायचे आहे. त्या बाईंनी स्वतः तो भाग ऐकला आहे का?

गोदाकाठची

नाही.

हा प्रश्न वाचून पंधरा मिनिटे नुसती बसून होते. होकाराचा कागद आम्ही वाचून दाखवला, मानधन दिले, सोडायला गाडी केली. तयार झालेला भाग मात्र व्हॉट्सॲपच्या दुव्याने पाठवला, त्यांच्या मुलाच्या क्रमांकावर. त्यांनी तो ऐकला का, हे सहाजणींपैकी एकीनेही विचारले नाही.

फेडर

आमच्या धंद्यातही हेच चालते. मुलाखत देणाऱ्याला अंतिम संकलन ऐकवायचे नाही असा पत्रकारितेचा जुना दंडक आहे, आणि पुढाऱ्यांच्या बाबतीत तो योग्यही आहे. पण तो दंडक बलवानाने बातमी दाबू नये म्हणून आहे. मजूर बाईला तोच लावणे म्हणजे कुलूप उलट्या बाजूने लावण्यासारखे आहे.

सावानाचा_वाचक

या निमित्ताने तेलंगणातील संघम रेडिओचे उदाहरण द्यावेसे वाटते. झहीराबादजवळच्या माचनूर गावी १५ ऑक्टोबर २००८ रोजी हे केंद्र सुरू झाले. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेतील दलित शेतकरी बायकांचे हे केंद्र; नरसम्मा नावाच्याच दोघींनी ते चालवले, त्यातल्या एकीला 'जनरल' नरसम्मा म्हणतात. तिथे बी-बियाणे, ज्वारी-बाजरी, मजुरी, सण, आजारपण या सगळ्यांवर बायका आपल्याच बोलीत आपल्याच माणसांशी बोलतात. आपल्या साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी ९०.४ वर त्याच वर्षी सुरू झाली. येथे नाशकात 'रेडिओ विश्वास' ९०.८ वर आहे. कोरोनाकाळात शाळा बंद असताना त्यांनी मुलांसाठी पाठ प्रसारित केले, ते माझ्या नातवाने ऐकले आहेत.

१९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले, त्यानंतर २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ मध्ये सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओची वाट खुली झाली. म्हणजे अकरा वर्षे निकाल आपल्या जागी आणि माईक आपल्या जागी.

सुरगाण्याहून

सामुदायिक रेडिओबद्दल मला आदर आहे, परंतु १०० वॉटच्या प्रक्षेपकाची धाव दहा-पंधरा किलोमीटरची. नाशकातला रेडिओ सुरगाण्याच्या डोंगरात येत नाही, आणि या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगीही नाही, आकाशवाणीच्याच पुढे पाठवाव्या लागतात. मजुरीचा दर ही बातमी की माहिती, हे कोण ठरवणार?

तरी संघम रेडिओच्या उदाहरणात एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारी एकाच बांधावरच्या असतात.

रविवार_कारंजा

माझे आधीचे म्हणणे थोडे मागे घेतो, सगळे नाही. श्रोत्यांची आवड ही आवडच असते असे मला अजूनही वाटते. पण फेडर यांचे वाचून काल माझ्या जुन्या भागांची मांडणी तपासली. माझ्यासाठी आणि पाहुण्या बाईंसाठी एकच मांडणी होती, माझ्या आवाजावर बेतलेली. त्या भागाखाली तीन जणांनी लिहिले होते की बाईंचा आवाज टोचतो. मी ते प्रतिसाद काढले नव्हते, उलट एकावर हसरा चेहरा टाकला होता.

पंचवटीकर

अफगाणिस्तानात तालिबानने २०२४ मध्ये बाईचा आवाज परक्याच्या कानी पडू नये असा कायदाच केला, आणि काबूलच्या रेडिओ बेगमवर २०२५ च्या फेब्रुवारीत बंदी घातली. पुढे परवानगी दिली. तिथल्या मानाने आपण बरे, असे कोणी म्हणण्याआधीच विचारतो: तो भाग काढला की नाही? सहा दिवस झाले.

गोदाकाठची

काढला होता, पहिल्याच रात्री. तुमचा प्रतिसाद वाचून. काढल्याचे येथे लिहिले नाही, कारण तो निर्णयही आम्ही त्यांना न विचारताच घेतला होता.

रविवारी आम्ही दोघी दिंडोरीकडे गेलो. टोळीच्या मुक्कामावर न जाता ओळखीच्या एका अंगणवाडी सेविकेच्या घरी त्यांना बोलावले. सोबत छोटा स्पीकर नेला होता. त्यांनी बत्तीस मिनिटांचा भाग पहिल्यांदा ऐकला. ऐकताना हातात तांदळाचे सूप होते, पण पाखडणे थांबले होते. त्यांचे ते हसणे आले की आम्ही दोघी जमिनीकडे बघत होतो. त्या मात्र दर वेळी पुन्हा हसत होत्या.

मी आधीच तयारी करून गेले होते. हसणे कापता येईल, दुसऱ्या बाईकडून वाचून घेता येईल, भाग कायमचा पुसता येईल, आणि उचलीची रक्कम गटाने भरण्याचीही तयारी आहे, असे चार पर्याय मी त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चौथा सगळ्यांत आधी नाकारला. तुम्ही पैसे भरलेत तर तो म्हणेल शहरातल्या बायांनी विकत घेतली, आणि पुढच्या साली दुसऱ्या बाईला उचलच देणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. हसणे कापायलाही त्यांनी नकार दिला.

मग त्यांनी विचारले, मी एक गोष्ट सांगितली की लगेच तुम्ही मध्ये बोलता, ते काय आहे? मी म्हटले, तुमचे म्हणणे श्रोत्यांना नीट समजावे म्हणून मी थोडक्यात पुन्हा सांगते. त्या म्हणाल्या, 'मी मराठीतच बोलले ना?' घरी येऊन मी मोजले. बत्तीस मिनिटांत सात वेळा मी 'म्हणजे यांना असे म्हणायचे आहे की' असे म्हटले आहे. सातही ठिकाणी त्यांचे वाक्य माझ्यापेक्षा लहान आणि स्पष्ट आहे. संकलन मी स्वतः केले होते, दोन रात्री बसून, आणि ती सात वाक्ये मला एकदाही खटकली नव्हती.

शेवटी ठरले ते असे. थॉमसन यांच्याशी वाटणीविषयी वेगळा भाग करायचा आणि तो आधी प्रसारित करायचा. त्यांनी होकार कळवला आहे. मुकादम एकरकमी मागतो तेवढ्यावर काय करता येईल, हे काळा_कोट बघत आहेत. बाईंचा भाग उचल फिटेपर्यंत खाली ठेवायचा. फिटली की त्या अंगणवाडी सेविकेच्या मोबाईलवरून कळवतील, आणि त्यानंतर तो जसाच्या तसा, हसण्यासकट, परत लावायचा. फक्त मी मध्ये बोलले आहे तेवढे काढून.